आप्पांचा तास तुटू नये म्हणून

११ ऑगस्ट, सोमवार

आज परत तुटलं. आप्पा आमच्या ट्रस्टच्या निपाणी केंद्रात स्क्रीनसमोर, तस्नीम मॅडम इथे बेळगावात आमच्या शहापूरच्या ऑफिसात. वाचेचा व्यायाम. 'पाणी' म्हणायचं होतं. ओठ मिटले, 'पा' आला आणि चित्र गोठलं. परत जोडेपर्यंत आप्पांनी तोंड फिरवलं होतं. आईचा फोन, "आता न्हाय बोलत ते. भिताडाकडं बघून बसल्यात."

एप्रिलमध्ये अर्धांगाचा झटका आला. चालायला लागले, हात उठतो, वाचा तेवढी गेली. डॉक्टर म्हणतात हेच महिने महत्त्वाचे, नंतर अवघड. बसमध्ये ओरडण्यात उभा जन्म गेलेला कंडक्टर! आणि तास तोडणारा सर्व्हर कुणाच्या हातात, तर त्यांच्याच पोरीच्या. दुसऱ्यांचं तुटलं की मी 'नेटवर्कचा प्रॉब्लेम' म्हणून मोकळी होते.

१४ ऑगस्ट, गुरुवार

ट्रस्टच्या सरांनी सर्व्हरचं दुसरं मशीन मंजूर केलं! आता जोडी. 'बे.' इथे ऑफिसात, 'नि.' निपाणी केंद्रात. दोघं एकमेकांना सारखं विचारत राहणार, आहेस का? उत्तर आलं नाही तर उरलेल्याने सगळे तास अंगावर घ्यायचे. सरांना एवढंच सांगितलं. म्हणाले, "एकाला ताप आला तर दुसरा ड्युटीवर, व्हय न्हवं?" व्हय, सर. दुसरा कुणी असता तर आधी तीन मीटिंगा घेतल्या असत्या.

२५ ऑगस्ट, सोमवार

काय झालं ते नीट लिहून ठेवते.

संकेश्वरजवळ रस्त्याच्या कामात केबल तुटली. बे. चालू, नि. चालू, दोघंही ठणठणीत. पण एकमेकांचं ऐकू येईना. दोघांनाही वाटलं दुसरा गेला, आणि दोघांनीही तासाची तीच व्हिडिओ-खोली उघडली. एकच नाव, खोल्या दोन. मॅडम बे.च्या खोलीत वाट बघतायत, आप्पा नि.च्या. मॅडमना वाटलं आप्पा आलेच नाहीत. माझ्यासमोर बे.चे सगळे दिवे हिरवे, मी आपली खुशीत चहा पितेय!

आई म्हणाली, "नवा शर्ट घालून गेलते. स्क्रीनला हात जोडून बसले हुते गं. समोर कुणीच न्हाय."

घरी येऊन जेवले नाहीत. दोघांत फाटलं तर खरा कोण, हे सांगायला तिसरा हवा. एवढी साधी गोष्ट मी सोडली होती. रडले. मग कागद घेऊन बसले.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपतीसाठी निपाणीला. आप्पा केंद्रात जायला तयार नाहीत. चप्पलच घालत नाहीत. मी मोबाईलवर मॅडमना दाखवायला गेले, तर मोबाईल घेऊन पालथा ठेवला. रागाने नाही, हळूच. तेच जास्त लागलं.

मॅडमना कळवलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही मशीन बघा. आप्पांना मी बघते."

३१ ऑगस्ट, रविवार

मॅडम आल्या! सुट्टीच्या दिवशी, बसने, उभ्याने. आईने खिरापत दिली. तास नाही, व्यायाम नाही, नुसत्या गप्पा. आप्पा गप्पच. निघताना मॅडम दारातच थांबून आईशी बोलत राहिल्या, वाट अडवून. आप्पांना बाहेर अंगणात जायचं होतं. दोनदा घसा खाकरला. आणि मग एकदम, खणखणीत,

"मुंदे होगी!"

पुढे सरका! बसमध्ये दारात गर्दी करणाऱ्यांना रोज म्हणायचे, कानडीत. आम्ही तिघी जागच्या जागी. आप्पाच दचकले आपल्या आवाजाला.

आई हसता हसता रडायला लागली. "मराठी माणूस, आन पयला शब्द कानडी!"

मॅडम म्हणाल्या, "येऊ दे की. मराठी मागच्या सीटवर बसलीय, उतरेल."

त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, परत चहा ठेवला.

८ सप्टेंबर, सोमवार

चिकोडी. तिथल्या केंद्रातल्या कपाटात जुना कॉम्प्युटर बसवला. तो व्हिडिओ चालवत नाही, नुसतं मत देतो. बे. आणि नि. यांच्यात तुटलं की चिकोडी ज्याच्या बाजूने, त्याने चालायचं. दुसऱ्याने मुकाट्याने खोली बंद करून माणसं तिकडे पाठवायची. निपाणीला दुसऱ्या कंपनीची लाईनही घेतली.

दुपारी मीच इथून बे. आणि नि. यांच्यातली जोडणी तोडून बघितली. दोघांनीही खोल्या बंद केल्या! लई शहाणे. चिकोडीची लाईन संथ, तिचं मत यायच्या आत दोघांनी हार मानली. थांबण्याची मुदत वाढवली. मग जमलं. केंद्रातल्या बाईंनी एवढा वेळ कपाट उघडं ठेवू दिलं, वर जेवूही घातलं. भाकरी, वांगं.

१५ सप्टेंबर, सोमवार

आप्पा केंद्रात गेले. मॅडमनी आधी फोन करून सांगितलं होतं, मी बसलेय, या. तास पूर्ण झाला. देवा.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. शहापुरात आज विणकरांचे मागसुद्धा बंद. ऑफिस सांभाळणाऱ्या गंगव्वा मावशी झेंडू घेऊन बे.समोर उभ्या. "बंद कर ते. आज हत्यार चालवत न्हाईत."

"मावशी, आप्पांचा तास चालू हाय."

"मग निपाणीचं हाय की! सगळ्यांना सांगत फिरतीस न्हवं?"

सांगत फिरते, खरंय. पण भर तासात, आप्पा बोलत असताना? मॅडमनी आज सुट्टी देऊ केली होती, आप्पांनीच मानेने नाही म्हटलं. आणि मी बटण दाबू? परत त्यांनी तोंड फिरवलं तर?

पण केबल काही मुहूर्त बघून तुटणार नाही. बटणावर बोट ठेवलं. आप्पा निपाणी-बेळगाव बसच्या थांब्यांची नावं म्हणत होते. निपाणी. कणगला. 'संकेश्वर'ला मी बे. बंद केलं.

मॅडमची स्क्रीन पापणीसारखी लवली. आणि आप्पांचा आवाज, "हत्त...रगी."

त्यांना कळलंसुद्धा नाही. मावशींनी बे.ला कुंकू लावलं. पंख्याच्या जाळीत जाऊ नये म्हणून मी कागद धरला होता. तो ओला झाला. मावशी म्हणाल्या, "रडू नगं गं, सणाचं."

१३ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी ऑफिसात आईच्या नंबरवरून फोन. "काय गं आई?" नुसता श्वास. मग,

"जे...वलीस?"

आप्पा. साधा फोन, मॅडम नाहीत, आईची मदत नाही. स्वतः लावलेला.

"न्हाय आप्पा, अजून न्हाय."

"मग..." पुढचा शब्द अडला. 'ज' आला, गेला. परत आला. मागून आईचा आवाज, "ठिवा आता, तिचं काम खोळंबतंय." मी ओरडलेच, "आई, न्हाय, बोलू देत!"

सर दारात येऊन गेले. मी फोन कानाला लावून बसले आहे, एका हाताने हे लिहिते आहे. आप्पा अजून तो शब्द शोधतायत.