एका टाकीतली बोटुकली

८ एप्रिल १९७३
शेवटचं तळंही आटलं. दिवसभर चिखलातून जाळं ओढलं. रोहू-कटल्याची बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, सगळी सिमेंटच्या टाकीत टाकली. तीन तळ्यांची मासळी एका टाकीत! हात घातला तर पाण्याआधी मासेच लागतात.

मत्स्य खात्याचे नूरमोहम्मद साहेब औरंगाबादहून आले होते. म्हणाले, "एक भी कमी होऊ देऊ नको. पाऊस पडला की तलावांत हेच बी सोडायचंय." मी व्हय म्हणालो. करमाडच्या या मत्स्यबीज केंद्रावर राखण करणारा मी एकटा. दुसरं काय म्हणणार?

१५ एप्रिल
सकाळी सगळ्यांची तोंडं वर. हवा गिळत होती. बादलीनं पाणी उचलून उंचावरून ओतलं, तेवढ्यापुरती खाली गेली. बायको आशा चूल टाकून मदतीला आली. दोघांचे खांदे भरून आले.

२३ एप्रिल
वाढ अजिबात नाय. तळ्यातून काढली तेवढीच आहेत. पेंड टाकली की दांडगी चार पुढं घुसतात, बाकीची उपाशी. घासून घासून खवले गेलेत. शेपट्या कुरतडल्यात, त्यावर कापसासारखी बुरशी.

२४ एप्रिल
आज टोपलीभर मेली.

२६ एप्रिल
सरूबाईकडं गेलो. गावात तिच्याच विहिरीला पाणी उरलंय, सगळं गाव तिथंच भरतं. म्हणालो, अर्धी मासळी तुमच्या विहिरीत सोडू द्या. ती रागावली नाय. "चार-दोन सोड बाबा, पाणी साफ ठेवतात. पण शेकड्यानं सोडलीस तर लेकरांनी काय प्यावं?" खरं तेच बोलली.

३० एप्रिल
औरंगाबादला जाऊन साहेबांना सांगितलं — मासळी अर्धी करू द्या, नायतर एकही उरायची नाय. फायलीतून मान वर न करता म्हणाले, "थोडा सबर कर." सबर मी करीन. मासे कसे करतील?

२ मे
पुन्हा टोपली भरली. आशा म्हणाली, "तुमच्या हातानं कमी करा, नायतर आपोआप सगळी जातील."

मग केली. तरतरीत तेवढी टाकीत ठेवली. बुरशीची कोरड्या तळ्यात पुरली. बारकी पण बरी होती, ती सडकेच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाया पदरात घेऊन गेल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "आज लेकरं पोटभर जेवतील." मला मात्र घास गेला नाय. तळहातावर अजून फडफड जाणवते.

१२ मे
सकाळी टाकी शांत. तोंडं वर नायत. पेंड टाकली तर सगळ्यांना पोचली. शेपट्यांना नवी कड फुटतीय, अंगंही भरलीत.

साहेब आले. आधी लई बोलले. कुणाला विचारलं, नोकरी जाईल, सगळं. मग टाकीवर वाकून मासे बघितले. पाणी गुडघ्याच्या खाली आलंय. जाताना म्हणाले, "आता एवढे तरी बचाव. पाण्याचा टँकर पाठवतो."

महिन्याभरात पहिल्यांदा झोप लागेल असं वाटतंय.

१७ मे
टँकर नाय. पाणी वीतभर. मासे पुन्हा वर यायला लागलेत.

१८ मे
दुपारी टँकर आला. सरूबाईच्या विहिरीत कालपासून नुसता गाळ. बाया रिकाम्या घागरी घेऊन सडकेवर बसलेल्या. ड्रायव्हरनं विचारलं, "टाकी कुठाय?" मी त्याच्या शेजारी चढून बसलो आणि त्याला गावात नेलं. सगळ्यांच्या घागरी भरल्या, टाकीसाठी थेंबसुद्धा मागं ठेवला नाय. टाकीकडं अजून गेलो नाय. आशा गेलीय.