एक जुलैचा मुहूर्त

शनि. ३ जून २००६, पिनर

ठरलं. चिरंजीव निखिल केंब्रिजहून क्लेअरला घेऊन आला होता, जेवणं झाल्यावर दोघांनी लग्न करायचं सांगितलं. माधुरीला महिनाभर आधीच माहीत होतं म्हणे. या घरात मला सगळं शेवटी कळतं. क्लेअर नि.च्याच लॅबमध्ये. कॅनडाची, तिथल्या न्यूफाउंडलंड बेटावरची. आई नाही. वडील आहेत, जेरी, पूर्वी मासेमारी करायचे.

साखरपुडा एकादशीच्या आत उरकायचा, मग चातुर्मास लागतो. गुरुजींनी फोनवर तीन तारखा दिल्या. त्यात एक जुलै, शनिवार, सकाळी ११.२०. एक जुलै म्हणजे कॅनडा डे! लायब्ररीच्या पुस्तकात वाचलेलं नेमकं आठवलं. म्हटलं, तुमच्या देशाचा सण आणि आमचा मुहूर्त एका दिवशी, आणखी काय हवं? क्लेअर "सकाळीच का?" एवढंच म्हणाली. मी सांगितलं, मुहूर्त आपल्या हातात नसतो. मग हसली. गोड मुलगी आहे.

मंगळ. १३ जून

हॅरोत हॉल मिळाला, दुपारी तीनपर्यंत. ऐंशी माणसं. पत्रिका मीच काढली, लंच टाइममध्ये. वर गणपती, खाली मेपलचं पान. तीस वर्षं कौन्सिलचे नकाशे काढतोय, एक पान काय अवघड. कॅनडाचा झेंडाही मागवलाय, चांगला पलंगपोसाएवढा. फुटबॉलमुळे आख्ख्या रस्त्यावर इंग्लंडचे झेंडे लागलेत, गाड्यांनासुद्धा. आपला एक का नको?

माधुरी म्हणाली, "अहो, सोयरीक मुलीशी आहे की देशाशी?" दुर्लक्ष केलं.

जेरींना पत्रिका पोस्टाने पाठवली. नि. कुरकुरला, "बाबा, आधी क्लेअरला दाखवायचा ना पत्रिका." पत्रिका स्त्रीलिंगी हे या मुलाला या जन्मी कळणार नाही. म्हटलं, सरप्राइज.

रवि. २५ जून

जेरींना हीथ्रोहून आणलं. उंच, रुंद, हात फावड्याएवढे. एवढ्या उकाड्यात अंगात कोट. बॅगेवर छोटासा झेंडा शिवलेला, गुलाबी-पांढरा-हिरवा. आयर्लंडचा वाटला, विचारलं, तिकडे जाऊन आलात का? "नाही, आमचा आहे," म्हणाले.

पुढच्या खिडकीत आपला लालपांढरा लावलेला. त्याच्यासमोर क्षणभर उभे राहिले आणि बूट कुठे काढायचे ते विचारलं. एवढंच. सुरमईचं कालवण मात्र दोनदा घेतलं, माधुरी खूश. मी तीनदा शनिवारचा विषय काढला. तिसऱ्यांदा उठून बागेत गुलाब बघायला गेले. मला अपमान वाटला. लिहून ठेवतो, खरंच वाटला.

सोम. २६ जून

नि.चा ऑफिसात फोन. मी जेरींबद्दल तक्रार करायच्या आत तोच फुटला.

"बाबा, यू नेव्हर आस्क्ड. तुम्ही तिला एकदापण विचारला नाही."

मग सगळं निघालं. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, एक जुलैच्या सकाळी फ्रान्समध्ये त्यांच्या बेटावरची पलटण अर्ध्या तासात कापली गेली. दुसऱ्या दिवशी हजेरीला मूठभर उरले. जेरींचे थोरले चुलते त्यातच गेले. कॅनडाशी तेव्हा संबंधच नव्हता, बेट कॅनडात आलं १९४९ला. अजूनही एक जुलैच्या सकाळी तिथे झेंडे अर्ध्यावर असतात, लोक निळी फुलं लावतात, आणि दुपारनंतर कॅनडाचा सण. यंदा नव्वद वर्षं झाली म्हणून शनिवारी सकाळी जेरी त्या मैदानावर उभे राहणार होते, तिकीट काढून ठेवलं होतं. माझी पत्रिका पोचली आणि त्यांनी ते रद्द केलं.

"क्लेअर का बोलली नाही?"

"तुम्ही इतके हॅपी होता. ती म्हणाली, लीव्ह इट."

दुपारभर एक रेघ सरळ आली नाही.

मंगळ. २७ जून

आधी रागच आला. कुणी तोंड उघडायचं नाही आणि गाढव मात्र मी. हॉल ठरला, गुरुजी ठरले, जेवण सांगून झालं, ऐंशी लोकांना आमंत्रणं गेली. माधुरी म्हणाली, बदला. मी म्हटलं, अशक्य, आणि चढ्या आवाजात म्हटलं. वरच्या खोलीत जेरी असतील हे लक्षातच आलं नाही.

माधुरीने माझा ऑफिसचा कोट आणला, आतल्या खिशातली काळी फीत काढून माझ्या चहाशेजारी ठेवली आणि कामाला लागली.

एक नोव्हेंबरची फीत. मी बेळगावचा. १९५६ला दहा वर्षांचा होतो. आम्ही कुठेही गेलो नाही. घर तेच, विहीर तीच, एका सकाळी राज्य मात्र दुसरं. त्या दिवशी तिकडे राज्याचा सण असतो आणि आमची माणसं काळी फीत लावतात. मी इथेही लावतो, दर वर्षी. ऑफिसात विचारतात, मी 'फॅमिली मॅटर' म्हणतो. आमच्या गल्लीतल्या कुणाला त्या तारखेला कुणी हौसेने पेढे खायला बोलावलं असतं तर? मला तरी कळायला हवं होतं. जगात दुसऱ्या कुणाला नाही कळलं तरी चालेल, मला कळायला हवं होतं. लाज वाटते.

बुध. २८ जून

कामावर जायच्या आधी झेंडा काढून घडी घातली. संध्याकाळी जेरींबरोबर बागेत बसलो आणि फीत दाखवली. बेळगाव सांगितलं, विहिरीसकट. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी कॅनडात जन्मलो नाही. मी आठ वर्षांचा असताना कॅनडा आमच्या गावात आला."

त्या झेंड्याशी भांडण नाही, म्हणाले. पेन्शन तोच देतो, क्लेअरला त्यानेच शिकवलं. "फक्त त्या दिवशी बारा वाजेपर्यंत तो मला नको असतो."

मी म्हटलं, तुम्ही फ्रान्सला जा. साखरपुडा संध्याकाळी करू. गुरुजींना विचारूनच बसलो होतो: गोरज मुहूर्त, गाई घरी परततात ती वेळ, त्याला पंचांग बघावं लागत नाही. पण सूर्यास्त लागतो, आणि पिनरमध्ये या दिवसांत तो सव्वानऊला. इथल्या गाईंना घाई नाही. हॉल तर तीनलाच रिकामा करायचा, म्हणजे घरच्या बागेत, पंचवीसच माणसं. उरलेल्या पंचावन्नांना नको म्हणून सांगायचं, तेही मीच. आजपासून सुरुवात केली. दोघांनी फोन आपटला.

जेरींचं उत्तर जसंच्या तसं लिहितो. "जातो. परत येईन असं वचन देत नाही. तिथे उभा राहिल्यावर माझं काय होईल, मला माहीत नाही." मग स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत राहिले. आत क्लेअर माधुरीकडून साडी नेसायला शिकत होती. "आधी देश गेला, मग समुद्रातले मासे. आता ही."

त्यांची एकुलती एक. शेवटचं वाक्य क्लेअरला सांगू नका म्हणाले. वचनाचंही मी सांगितलेलं नाही.

शुक्र. ३० जून

सकाळी जेरींना फ्रान्सच्या गाडीसाठी वॉटर्लू स्टेशनवर सोडलं. निघण्याआधी स्वयंपाकघरात त्यांनी स्वतःहून विचारलं, मुलीच्या बापाला काय करावं लागतं? माधुरीने करंडा दिला. नवऱ्या मुलाला टिळा, म्हटलं. माझ्याच कपाळावर सराव केला. त्यांचं बोट एवढं जाड की कुंकू भुवयांपर्यंत आलं. हसले. इथे आल्यापासून पहिल्यांदाच.

ज्याला परत यायचं नाही तो सराव कशाला करील? पण प्लॅटफॉर्मकडे जाताना एकदाही मागे वळून बघितलं नाही. मला एक निळं कापडी फूल देऊन गेले. म्हणाले, "बारापर्यंत."

शनि. १ जुलै

११.२०. आपला मूळ मुहूर्त. फूल लावून बसलोय. क्लेअर बागेत एकटी उभी होती, फ्रान्सच्या दिशेला तोंड करून की उगाच, माहीत नाही. नि. गेला आणि शेजारी उभा राहिला. माधुरीने मिक्सर बंद ठेवला.

१२.०५. फूल काढलं. टाकवेना. डायरीत ठेवलंय.

६.५०. इंग्लंड हरलं, पेनल्टीवर. रस्ता सुन्न. समोरचा माणूस गाडीवरचा झेंडा काढतोय, हळूहळू, काठी न मोडता.

८.१०. फ्रान्सची गाडी पावणेआठला वॉटर्लूला आली. फोन करून खात्री केली. जेरींकडे मोबाइल नाही.

८.४५. माणसं जमली. पाट मांडले, नारळ, पुडा, करंडा. क्लेअर हिरव्या साडीत. दर दोन मिनिटांनी गेटकडे बघते.

९.०५. तिने मला बाजूला घेतलं. "बाबा, डॅड तुम्हाला काही बोलले होते?" मला बाबा म्हणाली, आणि नेमकं आज. खोटं बोलता आलं नाही. येईन असं वचन दिलं नव्हतं, म्हणून सांगितलं. मासे-समुद्र नाही सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "मग आपण थांबू."

९.२०. गुरुजी घड्याळ बघतात, मग आकाश, मग मला. मुलीचा बाप नसेल तर काका-मामा कुणीही टिळा लावतो, चालतं, म्हणाले. पाहुण्यांतले कुलकर्णी तर लगेच पुढे झाले. मी त्यांना बसवलं.

९.३०. माधुरी दारात उभी राहून विचारतेय, सुरू करायचं का? मी म्हटलं, अजून उजेड आहे.