वर चाललेली रेषा

मी, खाली सही करणारा सुतार, पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा, देवाच्या कृपेने आणि रोजच्या गोळीच्या आधाराने शुद्धीत व खुशीत, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. दबाव कोणाचा नाही. घाई मात्र धाकट्या भावाने केली, ती अशी.

काही वर्षांपूर्वी माझ्या गळ्यातली कर्करोगाची गाठ काढली. ती विसरत आलो तोच रक्ताचा कर्करोग निघाला, जुनाट जातीचा, सावकाश चालणारा. डॉक्टरबाईंनी कागदावरची रेषा दाखवली. आधी एक कर्करोग होऊन गेलेले लोक या दुखण्यात पूर्वी इतरांपेक्षा कमी जगत. तो फरक अजून आहे, पण आता तेही पूर्वीपेक्षा जास्त वर्षे काढतात. रेषेवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखे बघा कसे वर चाललेत."

भाऊ दारात उभा होता. कागद त्याला दिसला नाही, वाक्य तेवढे ऐकू आले. मी औषधे घेऊन घरी पोहोचेपर्यंत त्याची बायको माझ्या बायकोच्या गळ्यात पडून रडत होती, आणि भाऊ माझा कारखाना गॅरेजवाल्याला द्यायचे बोलून मोकळा झाला होता. माझ्या मुलीला म्हणाला, रंधा मारणे तुझे काम नव्हे, नोकरी बघ. पोर खरेच बघू लागली. गैरसमज मिटला, तरी भावाचा हट्ट मिटला नाही. म्हणून लिहितो.

कारखाना, करवती, पटाश्या व मोठे टेबल मुलीला. ती माझ्यापेक्षा सरळ कापते. तोंडावर कधी बोललो नाही, इथे नोंदवतो.

घर व शिल्लक बायकोला. ती म्हणाली, "सगळं वाटलंत. कपाटाचं दार करकरतंय, ते कुणाच्या नावे?" ते मी स्वतःकडे ठेवतो.

भावाने त्याच्या लग्नाआधी नेलेला माझा रंधा त्यालाच. तसाही तो परत येणार नव्हता.

ती रेषा पुष्कळांची मिळून आहे. तिच्यात मी कुठे, हे बाईंनाही ठाऊक नाही. रेघ आपण मारावी, लाकूड कसे फाटेल ते देव जाणे. करवत थांबवायचे कारण नाही. माझ्यामागे थोडी प्रार्थना करावी, मग भुसा झाडून कामाला लागावे.

ता. क. भावाला साक्षीदार हो म्हटले. पण ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये, असे वकील म्हणाले. भावाने कारखान्याचे कलम दोनदा वाचले, उठून घरी गेला आणि रंधा आणून पुतणीपुढे ठेवला.

"धर. पातं बोथट झालंय," म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "दादा, सही कुठे करू?"

सबब रंध्याचे कलम रद्द. रंधाही मुलीला.

सही: सुतार
साक्षीदार: धाकटा भाऊ, शेजारचा लोहार
स्थळ: कारखान्यातले मोठे टेबल
दिनांक: रंधा घरी आला तो दिवस