फिक्या चहाच्या रंगाची काच

जेल रोड, नाशिक रोड
१२ जानेवारी २०२५

चि. ललित यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन न करता पत्र पाठवते आहे, कारण घर लहान आणि ह्यांचे कान तिखट. पत्र मात्र टेबलावर उघडं राहिलं तरी चालतं. हे हल्ली काही वाचत नाहीत. चष्मा सापडत नाही म्हणतात, आणि तो कपाळावर असतो.

ह्यांना गोल्फसाठी गॉगल हवा आहे. गोफण फिरवून पाखरं हाकलणारा मुलगा एकलहऱ्याच्या थर्मल वीजकेंद्रात इंजिनिअर झाला आणि पन्नाशीत गोल्फ शिकला, याची टिंगल तू अजून करतोस. पण निवृत्त झाल्यापासून दिंडोरीकडचं ते मैदान हाच ह्यांचा आठवडा. दिवाळीपासून तक्रार चालू आहे की बॉल मारला की दिसेनासा होतो. आकाश पांढरं आहे, ऊन वाईट आहे, शेजारच्या द्राक्षबागेची जाळी चमकते, सगळ्यांवर खापर फोडून झालं. होळीपर्यंत असंच राहिलं तर काठ्यांची पिशवी कुणाला तरी देऊन टाकणार म्हणतात. पिशवी गेली तर हा माणूस सकाळी उठेल कशासाठी, ही मला धास्ती आहे.

मला वाटतं, बाबांचा होता तसा गडद हिरव्या काचांचा द्यावा. तो घालून ते मला स्कूटरवरून कॉन्व्हेंटमधून न्यायला यायचे. सिस्टर म्हणायच्या, तुझे वडील वैमानिकासारखे दिसतात. तेव्हापासून माझ्या मनात गॉगल म्हणजे हिरवाच.

माया करतोसच, ती लवकर उत्तर देण्याइतकी वाढव.

तुझी,
सरिताताई

सातारा
१८ जानेवारी

ती. सरिताताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांचा गॉगल मलाही आठवतो. त्याच्यावर बसून तो मी मोडला होता आणि मार तुला बसला होता. पण गोल्फला तो नको. हिरव्या गवतावर गडद हिरवी काच लावली की सगळं एकसारखं गार दिसतं, बॉल उठून दिसत नाही. फिक्या चहाच्या रंगाची काच घ्यावी. तिच्यातून पांढरा बॉल वेगळा पडतो आणि जमिनीचे चढउतारही कळतात. राखाडीत रंग खरे राहतात, पण उठाव येत नाही. पोलराइज्ड काचा समोरची चकाकी घालवतात, गाडी चालवायला उत्तम. माझी गोल्फ खेळणारी काही गिऱ्हाइकं मात्र त्या परत आणून देतात, कारण गवतावरच्या चमकेवरून उतार ओळखायची त्यांना सवय असते. आणि जवळचा-दूरचा नंबर एकाच काचेत मुळीच नको. खाली पायाशी बघितलं की वाचायच्या भागातून बॉल पुरीसारखा फुगलेला दिसतो.

आता दुकानदार म्हणून नाही, भाऊ म्हणून. दाजींना दाराची चौकट मधेच वाकडी दिसते का? समोरच्या माणसाचा चेहरा मधोमध पुसल्यासारखा वाटतो का? सहज बोलता बोलता विचार. तसं असेल तर मी त्यांना कुठलीच काच विकणार नाही. आधी डोळ्याचा पडदा बघणाऱ्या डॉक्टरकडे ने.

दाजींना नमस्कार. रागावलीस तरी चालेल, पण कळव.

तुझा,
ललित

नाशिक रोड
५ फेब्रुवारी

चि. ललित यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा संशय खरा ठरला. दोन्ही पडदे मधोमध झिजले आहेत. गेलं ते परत येणार नाही, कडेचं दिसत राहील, असं डॉक्टर म्हणाले. ह्यांनी एवढंच विचारलं की काठी फिरवता येईल का. फिरवा म्हणाले. घरी आल्यावर ह्यांनी पिशवी दाराशी आणून ठेवली, कुणाला द्यायची ते ठरवू म्हणाले. मी म्हटलं, एकदा मी बरोबर येते.

ललित, फटका अजून सुरेख आहे. पायाशी ठेवलेला बॉल बघायचा तर ते त्याच्या बाजूच्या गवताकडे बघतात, म्हणजे तो कडेने दिसतो. काठी फिरते ती गोफणीच्याच लयीत. मग विचारतात, कुठे गेला. मला त्या उन्हात काही दिसलं नव्हतं. पण सिस्टरांनी आम्हाला वळण लावलं होतं की समोरच्याला वाईट वाटेल असं बोलायचं नाही. मी म्हटलं, छान, अगदी सरळ. प्रत्येक वेळी तेच म्हटलं. हे बिचारे सरळ चालत जायचे आणि काठीने गवत चाचपत राहायचे. बरोबर नेलेले सगळे बॉल हरवले.

शेवटी बाकावर बसून शांतपणे म्हणाले की प्लँटमध्ये मीटर वाचणाऱ्याने आकडा सांगायचा असतो. तो नुसता छान छान म्हणत बसला तर बॉयलर फुटतो. पिशवी अजून दाराशीच आहे.

म्हणून आता गॉगल मला हवा आहे. बॉल मारतील ते, बघायचा मी. माझा नंबर सोबत पाठवते. होळीच्या आत पाठव.

तुझ्या मायेवर विसंबून,
सरिताताई

सातारा
२० फेब्रुवारी

ती. सरिताताईस,
शि. सा. न. वि. वि.

गॉगल सोबत आहे. फक्त दूरचा नंबर, फिका चहा, कानाकडून ऊन शिरू नये म्हणून काच थोडी वळवलेली. तो घालून पर्समधलं काही वाचायला जाऊ नकोस. इतकी वर्षं दाजींच्या किल्ल्या आणि पाकीट शोधून देते आहेस, आता बॉल. बढती म्हणायची.

एक युक्ती. उडालेल्या बॉलमागे मान पळवायची नाही. तो पडला की त्याच्यामागचं एखादं झाड किंवा खांब पकडून ठेवायचा आणि तिथून नजर काढायची नाही, दाजींनी काही विचारलं तरी. आणि वाईट फटक्याला वाईट म्हण. मला म्हणताना कधी अडली नाहीस.

आशीर्वाद हवेतच, बातमी त्याहून लवकर हवी.

तुझा,
ललित

नाशिक रोड
१६ मार्च

चि. ललित यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

होळी झाली आणि पिशवी घरात आहे.

आज पहिलाच फटका उजवीकडे वळला आणि थेट द्राक्षबागेत गेला. चहाच्या रंगाच्या आभाळात तो मला टिकलीएवढा स्वच्छ दिसला. माझ्या जिभेवर छान आलंच होतं. ते गिळलं. म्हटलं, वाईट गेला, कोपऱ्यातल्या दगडी खांबाशेजारच्या ओळीत पडला. मला वाटलं आता चेहरा पडेल. पण ह्यांनी उजवा खांदा लवकर फिरला असेल का विचारलं, आणि खांब कुठल्या बाजूला म्हणून काठी उचलून चालू लागले. बागेत मजुरीला येणारी कुसाबाई द्राक्षांचे घड काढत होती. बॉल तिच्या पाटीशेजारीच होता. ती ह्यांच्याकडे बघत हसून म्हणाली की एरवी हे बाबा भलत्याच वळीत लय वेळ हुडकत बसतात, आज नीट आले. तिने घडही दिला.

नंतर दोन फटके खरंच छान गेले, तेही सांगितलं. त्यावर हे इतके खूश झाले की माझ्या आजवरच्या कौतुकाने कधी झाले नसतील. एक बॉल तळ्यात गेला, तोही सांगितला.

गाडीत बसल्यावर ह्यांनी माझ्या कानाकडे पाहिलं. माझा चेहरा बघायचा तर हल्ली कानाकडे बघावं लागतं. विचारलं, गॉगल तुझ्या चेहऱ्यावर कसा दिसतो. वैमानिकासारखे दिसणारे आपले बाबा फार आठवले, पण खरं तेच सांगितलं की मुळीच शोभत नाही, मोठ्या माशीसारखी दिसते. ह्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, रीडिंग बरोबर आहे.

बुधवारी पुन्हा जायचं आहे. तुझी माया अशीच नजरेत राहू दे.

तुझी,
सरिताताई