आवाज न करणारं दार

बाबा,

तुमचा मोटारींचा कारखाना उद्यापासून पाडायचा आहे. कोणता खांब आधी कापायचा, ते ठरवणारी इंजिनिअर मी आहे. तुमचा पत्ता आहे माझ्याकडे, पण हे पत्र टाकेन असं वाटत नाही.

आज शेवटची पाहणी केली. जुन्या पहारेकऱ्याने मला लगेच ओळखलं. "बापाने जन्मभर दारं बसवली, लेक भिंती पाडतेय. नाव काढलंस हो."

गाड्यांना दारं बसवायच्या तुमच्या विभागात नवशिक्यांच्या सरावाची चौकट अजून उभी आहे, गाडीच्या दारासकट. मी तुमच्यासारखं दोन बोटांनी दार ढकललं. इतक्या वर्षांनीही ते अलगद बसलं.

"त्यानंच बसवलेलं," पहारेकरी म्हणाला. "दार लागल्याचं ऐकू आलं, तर पुन्हा उतरवायचा."

घरातली दारंही तुम्ही तशीच बसवली होती. म्हणून कारखाना बंद झाल्यावर एका दुपारी तुम्ही निघून गेलात, तेव्हा शेजारच्या खोलीत गणितं सोडवत असूनही मला काही ऐकू आलं नाही. आई तुमचा चहा घेऊन आली, तेव्हा कळलं.

ती चौकट मी पाडण्याच्या यादीतून काढली आहे. कारणाचा रकाना कोरा आहे.

आपल्या घराचं दार आता उंबऱ्याला घासतं, कुरकुरतं. आई रोज म्हणते, "एवढी शिकलीस, तेवढं दार नीट कर." मला येतं ते. पण राहू दिलंय. कोणी परत आलं, तर आतल्या खोलीत ऐकू यायला हवं.

तुमची,
धाकटी