सुलटं राहिलेलं ताट

मानपाडा, डोंबिवली (पूर्व)
४ फेब्रुवारी २०२५

ति. रघुदादास,
जयाचा सा. न. वि. वि.

तू आमच्यापैकी कुणाचाच फोन उचलत नाहीस, म्हणून कागद हाती घेतला. टपालखात्यात जन्म काढलेला माणूस आलेलं पत्र न वाचता फेकणार नाही, एवढी खात्री आहे.

दादा, आय जेवत नाही. तोंडाला चव नाही असं नाही. ती तुझ्यासाठी थांबलीय. महिन्याभरापासून तिचं डोकं कुठल्या तरी जुन्या सालात जाऊन बसलंय. धाकटा म्हणून देवेशला ओळखते, मला मध्येच ओळखते, पण त्याचा हा बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट तिच्या गावीही नाही. आपलं कौलारू घर आहे, बाबा मिठागरावरून आलेत, सगळी जेवली आणि एकटा रघू राहिलाय, असं तिचं दिवसभर चालतं.

आपल्या घरची रीत तुला काय सांगायची? जो जेवला त्याने आपलं ताट घासून भिंतीशी उपडं घालायचं, आणि सगळी ताटं उपडी दिसेपर्यंत आय स्वतःचं ताट घ्यायची नाही. आता तिने तुझं नाव घातलेलं ताट मागून घेतलंय आणि खाटेशेजारी सुलटं मांडलंय. देवेशच्या बायकोने, दर्शनाने, ते गुपचूप उपडं घातलं, तर आयने तिलाच फैलावर घेतलं, की माझं पोर उपाशी आणि मला फसवतेस का गो? दिवसाला चमचाभर पेज कशीबशी जाते. डॉक्टर नाकातून नळी घालायचं म्हणतायत. या वयात ती सोसेल का, हे त्यांनाही सांगता येत नाही.

आठवतं का, मिठागराचं काम बंद असलं की ती भाजीची पाटी घेऊन डोंबिवलीला बसायची. घरी आली की पाटी उतरवायच्या आधी विचारायची, कोण कोण जेवलं? तू रात्रशाळेतून येईस्तोवर भिंतीला टेकून पेंगायची, पण जेवायची नाही. तिला जेवताना आपण कधी नीट पाहिलंय तरी का रे?

तू ये. तिच्यासमोर चार घास खा आणि ताट उपडं घाल. दुसरं काही मागत नाही. लोभ आहेच, तो पाय उचलण्याइतका असू दे.

तुझी,
जया


टिटवाळा
८ फेब्रुवारी

चि. जयास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. पिनकोड चुकवलायस. एवढी शिकलीस, पण पत्ता लिहायला काही शिकली नाहीस.

त्या घरचं पाणी पिणार नाही, हे मी गावदेवीच्या पायरीवर हात ठेवून बोललोय. देवेशने मला न विचारता घर आणि वाडी बिल्डरला दिली. त्याचं मला फार नाही. आय गप्प बसली, ते लागलं. मी सामान बांधलं तेव्हाही ती थांब म्हणाली नाही. नुसती बघत होती.

आणि इतकी वर्षं मी तिथे नव्हतो, तेव्हा काय ती उपाशी होती? जेवतच होती ना? मग आताच बरा रघू आठवला! मला त्याच्या दारात नेऊन उभं करायची ही देवेशची चाल आहे. आयला इकडे आणा, मी माझ्या हाताने भरवीन.

तुझं पत्र वाचल्यापासून तुझी सरोजवहिनी माझ्याशी बोलत नाही, नुसती भांडी आपटते. तिचं काय बिनसलंय देव जाणे. माझ्यावर राग धर, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
दादा


मानपाडा
१० फेब्रुवारी

ति. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनी भांडी का आपटते ते ऐक. आय इतकी वर्षं जेवत होती, कारण ती रोज वहिनीला फोन करायची. रघू जेवला का, एवढंच विचारायची. वहिनी हो म्हणाली की फोन ठेवायची आणि मग ताट घ्यायची. तुला कळलं तर तू तेही बंद पाडशील, म्हणून दोघींनी तोंडातून शब्द काढला नाही. वहिनीने मला परवा रडत रडत सांगितलं.

आता आयला फोन कळत नाही. वहिनीचा आवाज ऐकवला, तर म्हणाली, ह्या डबीतल्या बाईला माझ्या पोराचं काय ठाऊक? तिला टिटवाळ्याला आणा म्हणतोस. अरे, तिला उठवून बसवायला दोघी लागतात! कसली चाल आणि कसलं काय. देवेश दाराबाहेर जाऊन रडतो.

गावदेवीला काय सांगायचं ते मी सांगेन. पण तुझा शब्द राखायला आय उपाशी गेली, तर ते तुला पेलेल का? मला ताप भरलाय, म्हणून मी ठाकुर्लीला घरी चाललेय. टपालाची वाट बघण्याइतका वेळ नाही, तेव्हा हे पत्र माझ्या लेकीच्या, भावनाच्या हाती देतेय. दादा, पाया पडते तुझ्या. ये रे.

जया


टिटवाळा
१२ फेब्रुवारी

चि. जयास,
अ. उ. आ.

गेलेलो. सरोज पुढे, मी मागे. देवेशने दार उघडलं, बाजूला झाला.

आय केवढीशी झालीय गं! मी समोर बसलो, म्हटलं, आय, मी रघू. तिने माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं, पदर सारखा केला आणि दर्शनाला विचारलं, हे पाहुणे कोण, यांना पाणी दिलं का गो? मी ढसाढसा रडलो. पाहुणा रडतोय बघून तिने स्वतःचा तांब्या पुढे केला. ते पाणी मी प्यालो, जया. शब्दबिब्द कुठे गेला कळलं नाही.

मग तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण आलं, दुसऱ्याच ताटात. मी तिच्यासमोर पोटभर जेवलो, आणि खाटेशेजारचं ताट सुलटं ते सुलटंच. तिच्या लेखी रघू अजून उपाशीच.

हात धुताना सरोजचे ते फोन आठवले. परत जाऊन सांगितलं, की मी टिटवाळ्याचा, रघू माझ्याकडेच असतो. आताच जेवला, आणि तुम्हाला जेवून घ्यायला सांगितलंय. काय जेवला, म्हणाली. भाकरी आणि सुकट, म्हटलं. मागून घेतलं का? घेतलं. तेव्हा हसली गं! स्वतःच्या हाताने ते ताट उपडं घातलं आणि दर्शनाला म्हणाली, वाढ. चार घास खाल्ले.

आता रोज जाणार. माझीच खबर माझ्याच आईला पोचवायची. असली बटवड्याची पाळी नोकरीतसुद्धा आली नव्हती. तू काढा घे, आणि आमच्यावर माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
दादा


ठाकुर्ली
१५ फेब्रुवारी

ति. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र भावनाकडून दोनदा वाचून घेतलं, मला अक्षरं दिसेनात. ताप उतरलाय, उद्या मानपाड्याला येते.

डॉक्टरांशी फोनवर बोलले. म्हणतात, फार उशीर झाला, आता आतलंच सगळं थकलंय. नळी नको, जाईल तेवढं तोंडाने जाऊ दे. म्हणजे काय ते तू समज. एकच सांग, जायच्या आधी ती तुला एकदा तरी ओळखेल का रे? माझा जीव तेवढ्यावर टांगलाय. वहिनीला नमस्कार. दोघं आम्हाला धरून राहा.

तुझी,
जया


टिटवाळा
६ मार्च

चि. जयास,
अ. उ. आ.

तू विचारलेलंस, ओळखलं का. दहाव्याला चार माणसांत बोलवेना, म्हणून लिहितोय.

त्या शेवटच्या दुपारी तू औषध आणायला खाली गेलेलीस. मी रोजच्यासारखं सांगितलं, रघू जेवला. तिच्याने हात उचलेना, दर्शनाने ताट उपडं घातलं. पेजेचा एक घोट गेला. मग ती माझ्याकडे बघत राहिली, खूप वेळ. वाटलं, आता हाक मारणार.

तिने विचारलं, तुझी आय हाय का रं? मी म्हटलं, आहे. तर म्हणाली, मग रोज इथं काय बसतोस? घरी जा. तू जेवल्याबिगर ती ताट घ्यायची नाय, उपाशी बसली असंल. आणि हाताने मला ढकलायला लागली, जा बाबा, जा. त्या हातात जोर नव्हता, तरी मी उठलो. जातो म्हटलं आणि बाहेर जिन्यात जाऊन बसलो. थोड्या वेळाने देवेश शेजारी येऊन बसला. दर्शनाची हाक आली तेव्हा आम्ही दोघं तिथेच होतो.

ताट मी इकडे आणलंय. सरोज जेवायच्या वेळी फोनकडे बघत बसते, घास घेत नाही. मलाही उतरत नाही. जया, तू जेवलीस की तिला फोन करत जा. तोवर आम्ही थांबतो.

तुझा,
दादा