चुलीजवळचे उंदीर

अण्णा, आज आनंद पोटात मावत नाहीये. माझी नात इंदूरला एका प्रयोगशाळेत काम करते. तिथं म्हणे काही उंदरांना चाकावर पळवतात, काहींना घाण हवेत ठेवतात आणि मग त्यांच्या रक्तातली साखर मोजतात. मी ओरडलेच, "अगं, हे तर आमच्या अण्णांनी देवासच्या स्वयंपाकघरात केलंय!"

तुमची साखर वाढली होती. डॉक्टरांनी बजावलं, धुरात बसून वह्या तपासणं बंद, रोज टेकडी चढा. आईचे वडील याच दुखण्यात गेलेले, त्यामुळे तिची झोप उडालेली. पण तुम्ही पडलात विज्ञानाचे मास्तर. "पुराव्याशिवाय मी पाऊल उचलणार नाही," म्हणालात, आणि चुलीजवळचा पाट काही सोडला नाहीत. मग सहा पांढरे उंदीर आले. तिघे तुमच्या पाटाशेजारी, धुरात, अरुंद पिंजऱ्यात. तिघे ओसरीवर, पत्र्याच्या डब्याच्या चाकासकट. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात, नोंदवही माझ्याकडे.

तपासणीला तुम्ही शाळेच्या सुट्टीचा दिवस धरलात, आणि तो निघाला गणेश चतुर्थीचा. आदल्या संध्याकाळपासून उंदरांना दाणा नाही, असा सक्त हुकूम. आपल्याकडे पहिला मोदक मूर्तीपुढच्या मातीच्या उंदराला. मला वाटलं, मातीच्यानं जेवायचं आणि जिवंतांनी आजच्या दिवशी उपाशी राहायचं? चुलीजवळचे हाताशी होते. तुम्ही आरतीची तयारी करत होतात तेवढ्यात मी त्यांच्या पिंजऱ्यात मोदक सरकवला. त्यांनी फडशा पाडला.

दुपारी तुम्ही शेपटीच्या टोकाचं थेंबभर रक्त घेताय, निळ्या औषधात तापवताय, नमुन्याच्या नळ्यांशी रंग ताडताय. ओसरीवाल्यांचा फिका, चुलीवाल्यांचा गडद, म्हणजे साखर जास्त! "निघालं! अगं, धूर आणि बैठक, दोन्ही वाईट!" म्हणत तुम्ही सोवळ्यातल्या आईचा हातच धरलात. एरवी तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी नुसती हसली, आणि तुमची पाठ वळल्यावर पिंजऱ्यातला गुळाचा डाग बोटानं पुसून टाकला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही छत्री घेऊन निघालात. दूधवाल्यानं विचारलं, "अरे मास्साब, आज कां चल्या?" तुम्ही टेचात म्हणालात, "टेकडी पे, भिया! सिद्ध हो गया!" नंतर कित्येक वर्षं टेकडी चुकली नाही, आणि वह्या ओसरीवर तपासल्या जाऊ लागल्या. आई सुखानं झोपू लागली. एका खोट्या निकालानं एवढं केलं, अण्णा, मला अजून हसू आवरत नाही.

नातीला मी प्रयोग सांगितला, मोदकाचं नाही. हे पत्रही टपालात पडायचं नाही, तेव्हा इथं लिहून टाकते. मोदक एक नव्हता, दोन होते. पहिला देवाच्या नावानं दिला. दुसरा मुद्दाम.